डोंगरातली वनस्पती उद्यानं: बीएस्सीच्या सहलीसाठी उटीच, की आणखी कुठं?

विट्याची बॉटनी

नमस्कार मंडळी. विट्यात कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवते. बीएस्सी दुसऱ्या वर्षाची अभ्यास सहल डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायची आहे. चाळीस मुलं-मुली, तीन शिक्षक, एक बस. थंड डोंगराळ भागातली सार्वजनिक वनस्पती उद्यानं दाखवायची एवढं ठरलंय. मुलांना उटी हवंय. वरिष्ठांना वाटतं, उटीला जाऊन पोरं फोटो काढून येतील, प्रॅक्टिकलच्या वहीत काय उतरणार?

मला हवी असलेली माहिती:
१) डिसेंबरात उटीच्या बागेत अभ्यासाच्या दृष्टीनं काय असतं, आणि चाळीस जणांना ते दाखवायचं कसं?
२) त्या भागात आणखी कुठल्या बागेला वेळ देण्यासारखा आहे?
३) बसनं जायचं तर परवाने, घाट, वेळा याबद्दल काय काळजी घ्यायची?
४) कॉलेजच्या बागेसाठी तिकडून रोपं आणावीत का?

नुसतं "छान आहे, जाऊन या" नको. नेमकं सांगा.

---

भिंगवाला, सातारा

मॅडम, उटीला जाच, पण फुलांसाठी नको, झाडांसाठी जा. डिसेंबरात तिथले वाफे निम्मे मोकळे किंवा नुकतेच लावलेले असतात, कारण बागेचं सगळं वेळापत्रक मे महिन्यातल्या पुष्पप्रदर्शनाला धरून चालतं. हे आधी सांगितलं नाही तर मुलं फाटकातून आत शिरतात आणि "एवढंच?" म्हणून मोबाइल काढतात. फुलं बघायचीच असतील तर काचघरात शिरा, तिथं बारा महिने काहीतरी असतंच. झाडं मात्र वर्षभर तीच, आणि त्यातली बरीचशी आपल्या सातारा-सांगलीच्या उन्हात कुणी वाढवू शकणार नाही.

थोडी माहिती बसमध्येच देऊन टाका. विल्यम ग्रॅहम मॅकायव्हर नावाच्या, इंग्लंडच्या क्यू उद्यानात तयार झालेल्या माळ्यानं १८४८ साली ही बाग आखायला घेतली. क्षेत्र सुमारे ५५ एकर, म्हणजे २२ हेक्टर, दोड्डबेट्टा शिखराच्या खालच्या उतारावर. उटी साधारण २,२४० मीटरवर, आपलं महाबळेश्वर १,३७० च्या आसपास. उंची हजार मीटरनं वाढली की हवा ढोबळमानानं सहा अंशांनी उतरते, हे मुलांना पाठ असतंच. त्याचा अर्थ त्यांना तिथं झाडांवर दिसेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि हिरवळीवरचं दव गोठतं. तिथले माळी नाजूक रोपं झाकून ठेवतात, तेही दाखवा. हिमकण पडल्यावर आधी कोवळी पानं का काळी पडतात, हा पेशीतल्या पाण्याचा धडा तिथं आयता मिळतो.

आत गेल्यावर खालच्या बागेत हिरवळ लागते ती किकुयू गवताची, हे गवत मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. तिथं रेंगाळू नका. सकाळी बाग उघडताच दमात आहात तोवर सरळ वर चढा आणि बघत बघत खाली उतरा. उलटं केलं तर वरचा निम्मा भाग राहूनच जातो, दुपारी कुणी चढायला तयार नसतं. अगदी वर तोडा लोकांची वस्ती आहे, तिला मंड म्हणतात. तिथं बागेचा भाग असल्यासारखं वागू नये. विचारल्याशिवाय माणसांचे, घरांचे फोटो काढायचे नाहीत.

चाळीस जणांना एका झाडाभोवती उभं केलं तर पुढच्या आठांना दिसतं आणि बाकीचे गप्पा मारतात. आठ-आठ जणांचे पाच गट करा. प्रत्येक गटाला १० पट मोठं दाखवणारं एक भिंग, एक पट्टी आणि एक सूचिपर्णी झाड नेमून द्या. बहीखात्यासारखी एकच नोंद सगळ्यांनी उतरवू नये म्हणून हे. नोंदवायचं एवढंच: पान सुईसारखं, खवल्यासारखं की पात्यासारखं, सुया असतील तर एका जुडग्यात किती, पानं फांदीवर चक्राकार की दोन रांगांत, साल कशी सोलते, शंकू उभा की लोंबता.

क्रिप्टोमेरिया आणि कुप्रेसस यांत मुलं हमखास गोंधळतात. क्रिप्टोमेरियाचं पान टोचासारखं, बोटाला लागणारं, फांदीकडं वळलेलं. कुप्रेससचं पान म्हणजे फांदीला चिकटलेला बारीक खवला, बोटानं उलटं कुरवाळलं तरच जाणवतो. पाइनमध्ये जुडगी मोजायची. पायनस पॅट्युलाच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात, आणि त्या खाली लोंबतात. गाइड 'मंकी पझल' म्हणून जे दाखवतात ते बहुतेकदा बुन्या पाइन असतं, म्हणजे अरौकेरिया बिडविली, ऑस्ट्रेलियातलं. खरं मंकी पझल चिलीचं. त्याची पानं जाड, त्रिकोणी आणि फांदीभोवती कौलांसारखी एकमेकांवर चढलेली. बुन्याची चपटी, अरुंद, टोकाला काट्यासारखी. बुन्याचा शंकू दहा किलोपर्यंत भरू शकतो, त्यामुळं शंकू धरलेल्या झाडाखाली डबा खायला बसायचं नाही.

कॉर्क ओकचं झाडही त्याच बागेत आहे. त्याची साल नखानं कुरतडायचा मोह होतो, तो आवरायला लावा. तळहात सालीवर टेकवला तरी पुरे, थंड सकाळीही साल कोमट वाटते, कारण मेलेल्या पेशींत अडकलेली हवा उष्णता वाहू देत नाही. कॉर्क कॅंबियम (साल तयार करणारा पेशींचा थर) शिकवताना फळ्यावर जे सांगावं लागतं ते इथं हाताला कळतं. जवळच अश्मीभूत झाडाचं खोड ठेवलेलं आहे, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचं. नेच्यांच्या काचघरात शंभरावर जाती आहेत. पानाच्या पाठीवरचे बीजाणुपुंज, म्हणजे बीजाणूंचे ठिपके, भिंगाखाली बघा. काठालगत आहेत की शिरेवर, गोल की लांबट, एवढ्या दोन गोष्टींवरही वर्गीकरण सुरू करता येतं. पान तोडायचं नाही, वाकून बघायचं.

पाट्यांवरची शास्त्रीय नावं मात्र जशीच्या तशी वहीत उतरवू नका. कित्येक बदलली आहेत. ते किकुयू गवतच घ्या, पेनिसेटम आता सेन्क्रस झालंय. पाटीचा फोटो ठेवा आणि परत आल्यावर क्यूच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर पडताळा. हाच स्वतंत्र प्रकल्प होतो.

या सगळ्याला साडेतीन-चार तास धरा. गुलाब उद्यान वेगळं आहे, १९९५ चं. डिसेंबरात त्याला अर्धा तास बास, आणि वेळ नसेल तर तोही नको.

---

घाटरस्ता

भिंगवाल्यांनी बागेचं सांगितलं, मी रस्त्याचं आणि उटीजवळच्या कुन्नूरचं सांगतो.

विट्याहून कराडला येऊन महामार्ग धरायचा. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत म्हैसूर. सातशे किलोमीटरांच्या वर होतात. बसला हा पूर्ण दिवस आहे. त्याच दिवशी उटी गाठायचा हट्ट करू नका, कारण मधे बंदीपूरचं जंगल आहे आणि तिथून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. नाक्यावर ९ वाजून ५ मिनिटांनी पोचलेली बस सकाळपर्यंत तिथंच उभी राहते, आत चाळीस पोरं. म्हैसुरात मुक्काम करा, पहाटे निघा. जंगलात बस थांबवायची नाही, खाली उतरायचं नाही, खिडकीतून काही टाकायचं नाही. दंड होतोच, शिवाय हत्तींची वाट आहे ती.

जंगल संपल्यावर दोन रस्ते फुटतात. मसिनगुडीचा जवळचा दिसतो, पण त्यात कल्हट्टी घाटाची ३६ वळणं आहेत. मोठी बस तिकडं घालू नका, गुडलूरचाच रस्ता धरा. लांब पडला तरी फायदा आहे. वाटेत नडुवट्टम लागतं. १८६० च्या दशकात मॅकायव्हरच्या देखरेखीखाली निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली, त्यातलं हे एक ठिकाण. हिवतापावरच्या क्विनाइनसाठी. त्या माणसाची एक युक्ती मुलांना जरूर सांगा. सालीसाठी झाड तोडण्याऐवजी तो सालीच्या उभ्या पट्ट्या काढायचा आणि उघडा पडलेला भाग ओल्या शेवाळानं झाकायचा. साल पुन्हा धरायची, आणि नव्या सालीत क्विनाइन जास्त भरायचं. साल काढताना आतला कॅंबियम शाबूत ठेवला तरच हे जमतं. झाडाभोवती पूर्ण कडं काढलं की झाड मेलं. तुमच्या अभ्यासक्रमातल्या 'गर्डलिंग'शी थेट जोड आहे.

ई-पासचं विसरू नका. ७ मे २०२४ पासून, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं, निलगिरी जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खासगी गाडीला पास लागतो. तामिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर फुकट निघतो. गाडीचा नंबर, माणसं किती, मुक्काम कुठं, ही माहिती द्यावी लागते. म्हणजे हॉटेल आधी ठरवा आणि बसचा नंबर आधी पक्का करा. ट्रॅव्हल्सवाले ऐनवेळी दुसरी बस पाठवतात आणि पास पहिल्या बसच्या नंबरचा, असा घोळ होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्यांचीच मर्यादा घातली होती. नाताळच्या आठवड्यातही झुंबड असते, त्यामुळं निघायच्या आधी चालू नियम काय आहे ते बघाच. सरकारी बसनं किंवा रेल्वेनं जाणाऱ्याला पास लागत नाही. बसकडं परराज्याचं टुरिस्ट परमिट आहे का, हेही ट्रॅव्हल्सवाल्याकडून लेखी घ्या.

आता कुन्नूर. सिम्स पार्क, १८७४ ची बाग, सुमारे १२ हेक्टर, जवळजवळ १,७८० मीटरवर. माझ्या मते अभ्यासाला उटीपेक्षा ही बरी. एक तर गर्दी कमी. दुसरं म्हणजे बाग एका घळईत वसलेली आहे, वरच्या फाटकातून तळातल्या तळ्यापर्यंत उतरत जायचं. उतरताना ओलावा वाढतो आणि झाडं बदलतात. वृक्षनेचे खाली, ओलीकडं. वरच्या अंगाला मोठी सूचिपर्णी झाडं. अ‍ॅगॅथिस इथं बघायचाच, कारण तो सूचिपर्णी असूनही पानं रुंद, चामड्यासारखी. 'सूचिपर्णी म्हणजे सुया' ही मुलांची समजूत तिथं मोडते. रुद्राक्षाचं झाडही आहे. त्याची जुनी पानं गळण्याआधी लालभडक होतात, खाली पडलेली एकदोन उचलून दाखवा. बाजारातल्या पंचमुखी-षण्मुखी मण्यांवर पोरं प्रश्न विचारणारच. उत्तर सोपं: फळाच्या आतली आठळी ती, आणि अंडाशयाला जितके कप्पे तितकी मुखं.

उटी ते कुन्नूर १९ किलोमीटर. मुलांना टॉय ट्रेनमध्ये बसवायचं असेल तर हाच टप्पा घ्या, तासाभराचा. दात्यांच्या रुळांचा टप्पा कुन्नूरच्या खाली मेट्टुपाळयमकडं आहे. ते पूर्ण ४६ किलोमीटर चढायला पाच तासांच्या आसपास जातात, आणि ४३ तिकिटं एकदम मिळणं कठीण. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात दरड कोसळून ती गाडी रद्द होते, त्याची डागडुजी कधीकधी डिसेंबरपर्यंत रेंगाळते. तिच्यावर वेळापत्रक बेतू नका.

---

खटावकर

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: आणू नका. आणायचीच तर माती अजिबात नको.

कारण ऐका. निलगिरीतल्या बटाट्याच्या शेतांत सोनेरी सूत्रकृमी आहे, ग्लोबोडेरा. १९६१ साली तिथं नोंद झाली. मादी मेल्यावर तिचं शरीरच टणक, मोहरीपेक्षाही बारीक गोळी बनतं आणि तिच्यात शेकडो अंडी असतात. ही गोळी बटाटा नसला तरी मातीत वीसेक वर्षं तग धरते. मुळाला, बुटाला, कुंडीच्या बुडाला चिकटलेल्या मातीतून ती प्रवास करते. म्हणून तर तिथल्या बियाण्याच्या बटाट्याला बाहेर न्यायला बंदी आहे. आपल्याकडं खटाव-माणात, पुसेगाव भागात बटाटा घेतला जातो. सहलीच्या हौसेपायी ती गोळी इकडं आली तर निस्तरणार कोण? आपलं हवामान तिला मानवणार नाही असं म्हणणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नये.

माती झटकून, मुळं धुऊन आणलेली रोपंही बहुतेक मरतात, आणि त्याला कारणं सरळ आहेत. उटीच्या फुटपाथवर मिळतात ती अझेलिया, कॅमेलिया, फ्युशिया, कंदाची बिगोनिया. अझेलिया-कॅमेलियाला आम्ल माती लागते, सामू (pH) साडेचार ते साडेपाच. तुमच्या विट्याकडची काळी माती साडेसात ते साडेआठ, खाली चुनखडी, वर बोअरचं जड पाणी. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. दोन महिन्यांत कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक समजतात खत कमी पडलं आणि युरिया टाकतात, रोप आणखी लवकर जातं. फ्युशियाचं दुखणं उष्णतेचं. रात्री उकडायला लागलं की ती फुलं टाकते, मग पानं टाकते. मार्चअखेर कुंडी रिकामी.

हायड्रेंजिया मात्र चालवता येतं, सावलीत. तिकडं निळं असलेलं इथं गुलाबी फुलतं, कारण आम्ल मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळून झाडाला मिळतं आणि अल्कधर्मी मातीत मिळत नाही. हा प्रयोग म्हणूनच लावा ना: एकाच झाडाच्या फाट्यांपासून चार कुंड्या, दोन साध्या, दोनांत कोकोपीट आणि पाण्यात तुरटी, लिटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. पाणी पावसाचं साठवलेलं वापरा, बोअरचं घातलं तर तुरटीचा उपयोग शून्य. फाटे महाबळेश्वर-पाचगणीच्या रोपवाटिकांत मिळतात, त्यासाठी उटी कशाला?

परत येताना बुटांचे तळ ब्रशनं घासून मगच बसमध्ये चढायला सांगा. बागेतून नाही, शेतातून फिरला असाल तर नक्कीच.

---

यवतेश्वर पायथा

वरची सगळी माहिती कामाची आहे, पण मॅडम, एक विचारू का? तुमच्या मुलांनी साताऱ्याजवळचं कास पठार बघितलंय का? कोल्हापूरच्या विद्यापीठाची बाग? कारण उटी आणि कुन्नूरला जी झाडं भिंगाखाली बघायची आहेत त्यातली बहुतेक ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिकेतली. ती बघावीत, वाद नाही. पण पश्चिम घाटातली पोरं पश्चिम घाटातल्या सहलीला जाऊन पश्चिम घाटातली एकही वनस्पती न ओळखता परत आली, हे बरं दिसतं का?

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं तिला लीड बोटॅनिकल गार्डन म्हणून मान्यता दिलेली आहे. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती जोपासणं हे तिचं काम. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर. फिरायची बाग समजून जाऊ नका. विभागप्रमुखांच्या नावे कॉलेजच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, दिवस आणि संख्या कळवा, सुट्टीचा दिवस टाळा, आणि दाखवायला कुणी मिळेल का ते विचारा. माहीतगाराशिवाय तिथं अर्धं कळत नाही, कारण निम्मी झाडं बाहेरून गवतासारखीच दिसतात.

तिथं कंदीलपुष्पं बघायची, सेरोपेजिया. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. फूल हातभर लांबून काहीच वाटत नाही. भिंग लावा. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्या टोकाला जुळून पिंजरा झालेला. नळीत आतल्या बाजूला केस, सगळे खाली झुकलेले. वासाला भुलून बारीक माशी आत शिरते, केसांमुळं तिला वर येता येत नाही, आत धडपडताना पराग तिला चिकटतात. मग केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते, ती पुढच्या फुलात अडकायला. कंद खाण्याजोगे असल्यानं साळिंदर आणि माणूस दोघंही उकरतात, त्यामुळं कित्येक जाती दुर्मीळ झाल्यात.

शिंदळ माकुडी ही वनस्पती आपल्या सातारा जिल्ह्यातलीच. सज्जनगडाच्या कड्यांवरही तिची नोंद आहे. फ्रेरिया इंडिका हे जुनं नाव, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडलेलं. पावसाळ्यात मांसल पानं आणि तांबडी चांदणीसारखी फुलं, उन्हाळ्यात पानं गळून नुसती जाड खोडं. ती कड्यावर शोधायला पोरांना पाठवायचं नाही. बागेतच बघावी. फाट्यापासून सहज लागते, त्यामुळं उकरून आणण्यात काही शहाणपण नाही.

आणि कास. साताऱ्यापासून २५ किलोमीटर, साधारण १,२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं. ही बाग नव्हे, पण तुम्ही उद्यानात पाट्या वाचून जे शिकवणार ते इथं एका चौरस मीटरमध्ये उगवलेलं असतं. जांभ्या खडकावर इंच-दोन इंच माती, तीही पावसानं धुऊन निघालेली. नत्र जवळपास नाहीच. म्हणून सीतेची आसवं (युट्रिक्युलेरिया) आणि दवबिंदू या वनस्पती किडे खातात. युट्रिक्युलेरियाला मूळच नसतं. ओल्या मातीत तिच्या धाग्यांवर मिलिमीटरभराच्या पिशव्या असतात, दारावरच्या केसाला जीव लागला की पिशवी पाण्यासकट त्याला आत ओढते. हे दाखवायला पठारावर उकरायचं नाही. पिशव्या कोल्हापुरात किंवा प्रयोगशाळेतल्या नमुन्यात दाखवा, पठारावर फक्त फूल.

महिन्यांचा हिशेब असा. जुलैअखेर-ऑगस्टात चवर, पंद, आमरीच्या (ऑर्किडच्या) जाती. ऑगस्टात डबक्यांतून वायतुरा, अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, दोन शाखांचा तुरा असलेला. १९८२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. मग गेंद, सीतेची आसवं, तेरडा, कवला. सप्टेंबरच्या मध्यानंतर सोनकीचा पिवळा गालिचा. टोपली कारवी सात वर्षांनी. पावसानं उघडीप दिली नाही तर सगळं आठ-दहा दिवसांनी पुढं सरकतं. वर्तमानपत्रात फोटो बघून निघालात तर नेमका बहर ओसरलेला असतो.

बुकिंग ऑनलाइन, दिवसाला ३,००० ची मर्यादा. शनिवार-रविवार सोडूनच जा. बस पठारापर्यंत जात नाही, वाहनतळावर लावायची. आत आखलेली वाट सोडायची नाही. पाऊल पडलं की मातीतली हवेची जागा दबते, आणि तिथं पुढच्या वर्षी फूल नाही, गवत येतं.

---

विट्याची बॉटनी

सगळ्यांचे आभार. खटावकर दादा, रोपांचा विषय बंद. हायड्रेंजियाचा प्रयोग मात्र घेतेच.

यवतेश्वर, तुमचं पटतंय, पण डिसेंबरात कासला काय दाखवू? आणि दुसरं, निलगिरीतच तिथली मूळची झाडं दाखवता येतील अशी जागा नाही का? कोडाईकनाल, येरकाड असंही काहीजण सुचवतायत. एकीनं तर दार्जिलिंग म्हटलं.

---

यवतेश्वर पायथा

डिसेंबरात कासला काहीच नाही. वाळलेलं गवत आणि तळं. म्हणून दोन वेगळे दिवस करा: सप्टेंबरच्या मध्याला कास, सकाळी निघून संध्याकाळी परत. आणि त्याच्या आधी, ऑगस्टच्या शेवटी, कोल्हापूर. विट्याहून दोन्हींना मुक्काम लागत नाही. मग डिसेंबरात उटीला गेल्यावर मुलांना तुलना करता येईल, नाहीतर कॉर्क ओक आणि किकुयू एवढंच डोक्यात राहील.

---

भिंगवाला, सातारा

मूळच्या झाडांसाठी कोटागिरीजवळचं लाँगवुड शोला. ११६ हेक्टरचं राखीव जंगल आहे, २०२४ साली रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. शोला म्हणजे डोंगराच्या घड्यांत, पाण्याच्या वाटेलगत दाटलेलं बुटकं सदाहरित रान, आणि वरचे उघडे उतार गवताळ. झाडांची उंची वाऱ्यानं आणि हिमानं छाटल्यासारखी एकसारखी, खोडांवर शेवाळ आणि आमऱ्या. वन विभागाची परवानगी आधी काढा. दहा-बारांपेक्षा मोठा गट एकदम आत नेऊ नका. आत आवाज केला तर काही दिसत नाही, आणि गवे असतात. गवा समोर आला तर मागं सरकायचं, फोटोसाठी थांबायचं नाही.

जानेवारीपर्यंत मुक्काम लांबला असता तर दोड्डबेट्टाकडं तांबडा ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला मिळाला असता. डिसेंबरअखेर एखादं झाड लवकर फुललं तर नशीब.

कोडाईकनाल एका सहलीत निलगिरीला जोडू नका, रस्त्यातच दोन दिवस जातात. तिथली ब्रायंट पार्क १९०८ ची, वीस एकरांची. देखणी आहे, पण उटी बघितल्यावर नवीन फार थोडं. तिकडं जाण्याला अर्थ नीलकुरिंजीच्या वर्षी, आणि ती बारा वर्षांनी एकदा फुलते, २०१८ नंतर आता २०३० ला. येरकाडचं म्हणाल तर तिथं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं राष्ट्रीय आमरी उद्यान आहे. आमऱ्या आणि खासी टेकड्यांतली घटपर्णी यांसाठी उत्तम. पण ते सेलमजवळ. पुढच्या वर्षी वेगळी सहल करा.

दार्जिलिंगची लॉइड बाग १८७८ ची, चाळीस एकरांची. हिमालयातली झाडं आणि मेटासिक्वोइया, जे आधी जीवाश्म म्हणूनच माहीत होतं आणि नंतर चीनमध्ये जिवंत सापडलं. डिसेंबरात त्याची पानं गळालेली असतात. विट्याहून एवढ्या लांब जायचं तर एप्रिल धरा.

---

घाटरस्ता

शोला घ्यायचं ठरलं तर क्रम असा लावा: म्हैसूरहून पहाटे, नडुवट्टम, दुपारपर्यंत उटी, त्या दिवशी बाग नको, आराम. दुसरा दिवस सकाळी उटीची बाग, दुपारी गुलाब किंवा दोड्डबेट्टा. तिसऱ्या दिवशी कुन्नूर, सिम्स पार्क, संध्याकाळी कोटागिरीला मुक्काम. चौथ्या दिवशी सकाळी शोला आणि उलट परत. मात्र उटीहून दुपारी दोनच्या आत निघा, म्हणजे बंदीपूरचा नाका अंधाराआधी पार होतो. कोटागिरी ते उटी हा घाटही धुक्यात संथ चालतो, त्याला दीड तास धरा.

एक राहिलं. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, नाक्यावर बस तपासतात आणि काढून घेतात, दंडही करतात. प्रत्येकाकडं स्टीलची बाटली, बसमध्ये नळाचा एक मोठा जार. वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा घरीच ठेवा. डबा पहिल्या दिवसाचाच न्या, आणि तोही स्टीलच्या डब्यांत.